घरच्या माणसाचं इंटरनेट

माझ्या हातून ज्या काही चुका झाल्या, त्यातल्या बहुतेक चांगुलपणाच्या भरात झाल्या, असं मी सांगत असतो. बायको म्हणते, "चुका म्हना न सरळ. तिले कपडे कायले घालता?"

इंटरनेटची चूक तशीच चांगुलपणाची.

आमची मुलगी पुण्यात एका कंपनीत नोकरीला. तीन वर्षं एका खोलीत राहून, डब्याचं खाऊन कंटाळली. साहेबाच्या मागे लागून तिने एक महिना मागून घेतला. महिनाभर गावाकडून काम करून दाखव, मीटिंगमध्ये खंड पडला नाही तर कायमचं तिथूनच कर, नाहीतर परत ये, असं ठरलं. पोरगी बॅग घेऊन घरी आली आणि पहिलं वाक्य बोलली, "आई, मले आता इथंच राहायचं आहे." पुढचं सगळं माझ्यावर होतं. म्हणजे इंटरनेट कोणाचं घ्यायचं, हे.

आमचं गाव रिसोड तालुक्यात, केनवडच्या अलीकडे. मोबाइलला गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळ तेवढी रेंज. वायरच्या नेटसाठी दोन पर्याय होते. एक मोठ्या कंपनीचा. त्यांचा माणूस इस्त्रीच्या शर्टात येऊन प्लॅन समजावून गेला, तक्रारीचा नंबर फ्रिजवर चिकटवून गेला. दुसरा म्हणजे माझ्या चुलतभावाचा जावई. पूर्वी तो टीव्हीची केबल चालवायचा, आता फायबर टाकतो. दोन कोसांवर त्याचं गाव.

"कंपनीचंच घ्या," बायको म्हणाली. "बंद पडलं त त्या मानसाले चार शब्द बोलता तरी येतीन. जवाईले काय बोलसान?"

"घरचा माणूस सोडून बाहेरच्याचं घेऊ? भाऊ तोंड पाहीन का माहं?"

झालं. जावयाला निरोप गेला.

तो शिडी आणि वायरचं भेंडोळं घेऊन भर उन्हात आला. रस्त्याने खांबाखांबावरून वळसा घालून वायर आणायची, असं त्याचं ठरलेलं. मला त्याची दया आली. जावई माणूस, घामाने भिजलेला. मी म्हणालो, "एवढ्या उन्हात कायले फिरता जवाईबापू? हे कडूनिंबाचं झाड हाय न मधात. याच्यावरून घेतली की झालं."

त्याने एकदा झाडाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं. "मामाजी म्हनतात त बरोबरच हाय," म्हणाला. माझ्या तांत्रिक ज्ञानाची कदर करणारा तो पहिलाच माणूस.

तिसऱ्या दिवशी राउटरवर लाल दिवा. फोन केला, जावई आला. जावई दारात आला म्हणजे आधी पाणी, मग चहा, जेवणाची वेळ म्हणून पाट, आणि बायकोने वर भजे तळले. जेवून तो झाडावर चढला, वायर जोडली, उतरला. त्याला ऐकवायला मी तीन कडक वाक्यं पाठ करून ठेवली होती. तोंडातून निघालं, "येत जा असेच."

तो येतच राहिला. आठवड्यातून दोनदा लाल दिवा, दोनदा भजे. मुलगी एकदा मीटिंगमध्ये तोंड उघडं असतानाच गोठली, आणि साहेबाला पाच मिनिटं तिच्या दाढा पाहाव्या लागल्या. मग ती छत्री घेऊन टाकीजवळ बसून काम करू लागली. शेवटी साहेबाने लिहिलं, आणखी एकदा असं झालं तर सोमवारी पुण्यात हजर व्हा.

दुसऱ्याच दिवशी सकाळी लाल दिवा लागला. मुलीने कपाटावरची बॅग खाली घेतली.

"बोला आता जवाईले," बायको म्हणाली.

मी फोन लावला. छाती भरून श्वास घेतला. "जवाईबापू, तब्येत बरी हाय न?"

मुलीने फोन हिसकावून घेतला. आमच्याकडे सासऱ्याने जावयाला शब्दाने दुखवायचं नसतं, पण साळीला, म्हणजे मेहुणीला, सगळं माफ. आणि नात्याने ही त्याची साळी.

"भाऊजी, साळी बोलून राह्यली. लग्नात तुमचे बूट वापस केले, तेच चुकलं आमचं. ताई तुमाले दिली, अन् तुमी आमाले लाल दिवा देल्ला? आत्ताच्या आत्ता या. चहा भेटनार नाई."

अर्ध्या तासात तो निंबाखाली उभा होता. साळी कमरेवर हात ठेवून.

"साळीबाई, वायर खराब नाई," तो म्हणाला. "वरते पाहा."

वर फांदीवर दोन वानरं बसली होती. एकाच्या हातात आमचं इंटरनेट होतं.

"त्यायचा जाया-याचा रस्ता हाय हा. मले पयल्याच दिवशी दिसला होता."

"मंग टाकली कायले इकडून?"

त्याने मान खाली घातली. "मामाजींनी म्हटलं."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. वानरांनीही पाहिलं असावं.

"मले सांगतलं काहून नाई?" मी म्हणालो.

"सासऱ्याले कसं म्हनू, तुमचं चुकून राह्यलं म्हनून?"

मी त्याला बोलत नव्हतो, तो मला बोलत नव्हता. आम्हा दोघांच्या शालीनतेत वानरांची चंगळ झाली होती.

त्या दिवशीची मीटिंग मुलीने टाकीजवळून निभावली, आणि सोमवारच्या आत वायर रस्त्याच्या खांबांवरून आली. साळीच्या हुकमाने दुपारभर उन्हात शिडी मी धरली. मारुतीच्या देवळाच्या वळणावर मला एक जवळचा मार्ग सुचला होता, पण तोंड उघडण्याआधीच मागून बायकोचा आवाज आला, "अहो, शिडीच धरा फक्त."

लाल दिवा पुन्हा लागला नाही. महिना संपला आणि साहेबाचं पत्र आलं, तिकडूनच काम करा. मुलीने बॅग रिकामी करून कपाटावर टाकली आणि बायकोला म्हणाली, "आई, आज भाऊजीले अन् ताईले जेवाले बोलाव."

आता ती दिवसभर समोरच्या खोलीत पुण्याशी बोलत असते. परवा मी आंघोळ करून टॉवेलवर तिथून गेलो, तर लॅपटॉपमधून पाच-सहा जण एका सुरात म्हणाले, "नमस्कार काका." चित्र अगदी स्वच्छ होतं म्हणे, एकदाही अडकलं नाही.