मागे वाजणारा बँड

भाचीच्या हळदीचा वास आला आणि मी पुन्हा त्या जहाजाच्या डेकवर जाऊन उभी राहिले.

तेव्हा मी मस्कतच्या शाळेत शिकवत होते. धाकट्या मंदाचं नर्सिंग झाल्याशिवाय तिचं लग्न करायचं नाही, असं घरी बजावून आले होते. त्या वर्षी सुट्टीत गावी, बपेऱ्याला न जाता पहिल्यांदाच क्रूझवर गेले. जहाज बंदराला लागताच घरी फोन लावला. मागे बँड वाजत होता.

"शेजारी लगन आहे," बाबा म्हणाले.

मग मंदा फोनवर आली. "ताई, जहाज हालते का वं?"

खारा वारा, निळंशार पाणी, सगळं मी हौसेनं सांगत सुटले. ती हूं हूं करत ऐकत होती, अंगाला स्वतःच्या लग्नाची हळद लावून.

पुढे घरी गेल्यावर तिला विचारलं, "मले काहून नाही सांगितलं?"

"तू आली असती तं मोडलं असतं. मले पोरगा पसंत होता."

म्हणजे भीती तिला बाबांची नव्हती, माझी होती.

आज लेकीच्या हळदीत मंदा सगळ्यांसमोर म्हणाली, "या टायमाले जहाजावर नाही गेली वं ताई?" सगळा मांडव हसला. मला अजून हसता येत नाही.