बाथरूममधल्या चौदा फुल्या

माझा काका लोकांच्या बाथरूममध्ये टाइल लावतो. तीस वर्षं उकिडवा बसून बसून त्याचे गुडघे असे झालेत, की तो उभा राहिला तरी अर्धवट बसल्यासारखाच वाटतो. काकू म्हणते, "यांना खुर्ची दिली तर खुर्चीवरही उकिडवे बसतील." आणि हे खरं आहे. आमच्याकडे पाहुण्यांसमोर बसलेत तसे, एकदा.

काका मला पोपट म्हणतो. मुलगी आहे तर मैना का नाही, असं विचारलं तर म्हणतो, "मैनेला एवढा आगाऊपणा जमत नाही." मी सगळ्यांच्या नकला करते. वर्गातल्या बाई, वरच्या मजल्यावरचे खोकणारे काका, फोनवर गोड आणि घरात कडू बोलणारी मावशी. पण घरात सगळ्यात जास्त चालते ती काकाचीच नक्कल. गेल्या वर्षापासून त्याला काहीही सांगा, तो मान डोलवून म्हणतो, "हां हां, बरोबर, बरोबर." काकू म्हणाली वीज गेली, हां हां, बरोबर, बरोबर. बाबा म्हणाले मी नापास झाले, हां हां, बरोबर, बरोबर. जेवताना मी मान हलवून तेच करायचे आणि सगळ्यांना ठसका लागायचा. काकाही हसायचा. सगळ्यांपेक्षा जरा उशिरा.

तर मागच्या महिन्यात काकाचं एका घरी बिलावरून बिनसलं. घर एका निवृत्त साहेबांचं. विमा कंपनीत त्यांनी आयुष्यभर लोकांचे दावे नाकारले होते, आणि आता करमत नसावं. ते मुद्द्यांशिवाय बोलतच नाहीत, म्हणून मी त्यांचं नाव मुद्देसाहेब ठेवलं. त्यांची आई जुन्या बाथरूममध्ये घसरून पडली होती, म्हणून ते सगळं उखडून नवीन केलं होतं. बसून आंघोळ करायला ओटा, धरायला दांडी, पाय सरकणार नाही अशी खडबडीत फरशी. काम झालं, पण अडतीस हजार राहिले. त्यातले निम्मे केमिकलच्या दुकानदाराचे. केमिकल म्हणजे टाइल चिकटवायचा मसाला. आता सिमेंटऐवजी तोच वापरतात. पण काकाला पैशांहून मोठी काळजी वेगळी होती. त्या इमारतीत नऊ घरं, नऊही जुनी, आणि खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी दोन बाथरूम तोंडी देऊनही टाकली होती. एका घरात नाव खराब झालं की जिन्याने खालपर्यंत जातं.

काका मला म्हणाला, "तू चल माझ्याबरोबर. साहेब फार भरभर बोलतात. तू जवळ बस." मला वाटलं, नक्कल पक्की करायला नेतोय. मी नाचत गेले.

पहिल्या दिवशी खिडकी झाली.

"पहिला मुद्दा," साहेबांनी फाईल उघडली. "खिडकी. खिडकीच्या भोकाला तुम्ही टाइल लावलीत का? नाही. मग भोकाचे पैसे कसले?"

काका त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होता. "साहेब, खिडकीच्या चारी कडा कापल्या, तिरक्या घासल्या, कोपऱ्याला कोपरा जुळवला. सपाट भिंत दोन तासांत होते. खिडकीने माझा अख्खा दिवस खाल्ला. म्हणून आमच्यात खिडकी वजा करत नाहीत."

"आमच्यात म्हणजे कुणात?"

"सगळे असंच मोजतात."

"दुसरा मुद्दा. सगळे म्हणजे कोण? तुम्ही म्हणालात अंदाजे दीडशे फूट. बिलात एकशे ब्याऐंशी. हा अंदाज आहे की अंदाधुंदी?"

आतून त्यांच्या आईचा आवाज आला, "अरे, तुमचे फूट नंतर मोजा. मला माझ्या घरात आंघोळ कधी करायला मिळणार ते सांगा. पंधरा दिवस शेजाऱ्यांकडे टॉवेल घेऊन जातेय, लाज वाटते!" बिल मिटेपर्यंत नळ सुरू करायचा नाही, असं साहेबांनी ठरवलं होतं. वापर केला म्हणजे काम मान्य केलं, असा त्यांचा कायदा.

घरी येऊन मी सगळ्यांना 'अंदाज की अंदाधुंदी' करून दाखवलं. काकूला हसू आवरेना. काका म्हणाला, "हां हां, बरोबर, बरोबर," आणि उठून हात धुवायला गेला.

तिसऱ्या भेटीला आम्ही पोचलो तर साहेब बाथरूमच्या दारात उभे. हातात स्टीलचा चमचा, कानावर पेन्सिल. फोनवर कुठलासा व्हिडिओ बघून त्यांना नवीन ज्ञान झालं होतं. "तिसरा मुद्दा," ते म्हणाले आणि बाजूला झाले. भिंतीवर आणि फरशीवर पेन्सिलीच्या बारीक फुल्या होत्या. मी मोजल्या. चौदा.

"ज्या टाइलखाली मसाला नीट भरलेला नाही, ती पोकळ वाजते. ऐका." त्यांनी बिनफुलीच्या टाइलवर चमचा मारला. टक्. फुलीच्या टाइलवर मारला. डब्.

काकाने पिशवीतून हातोडी काढली आणि तिचा दांडा त्याच टाइलवर मारला. एकदा, दोनदा. "भरीव आहे."

"ही भरीव?"

"भरीव."

"कमाल आहे! नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथे तर अंगणही तुम्हीच केलंय!"

माझ्या काकाला मी कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. तो ओरडला. "तीस वर्षं झाली! माझ्या टाइलला कुणी पोकळ म्हटलेलं नाही. पैसे द्यायचे नसतील तर तोंडाने सांगा, चमचे कशाला वाजवता? पाडा ते बाथरूम आणि बसवा तुमच्या व्हिडिओवाल्याकडून!"

आईसाहेब भिंत धरून धरून बाहेर आल्या आणि पाडा हा शब्द ऐकून मटकन खुर्चीत बसल्या. साहेबही जरा घाबरले. मग त्यांची नजर माझ्यावर पडली.

"ही मुलगी सांगेल. परवा जिन्यात माझी नक्कल करत होती, मी वरून ऐकली. 'सगळे म्हणजे कोण.' हुबेहूब. राग नाही हो, बाळ. कान तयार आहे तुझा. तू सांग, ही टाइल कशी वाजते?"

फरशीने मला पोटात घेतलं असतं तर मी आनंदाने गेले असते. साहेबांनी चमचा मारला. डब्. रिकाम्या डब्यावर मारल्यासारखं. यात कान तयार असायची गरजच नव्हती. शेजारच्यांच्या मांजरालाही कळलं असतं. काका माझ्याकडे बघत होता. डोळ्यांकडे नाही. ओठांकडे. आणि त्या क्षणी मला दिसलं, की वर्षभर तो सगळ्यांच्या ओठांकडेच बघतोय.

"भरीव," मी म्हणाले.

साहेबांनी चमचा खाली केला. त्यांचा चेहरा पडला, पण माणूस नियमाचा. स्वतःच साक्षीदार नेमला होता, आता उलटायचं कसं? "बरं," ते म्हणाले. "मुलगी म्हणतेय तर..." आणि चेकबुक आणायला वळले.

"थांबा साहेब," काका म्हणाला.

एरवी मी एका शब्दात कधी उत्तर देत नाही, हे त्याला माहीत आहे. चमच्याचा आवाज काढून, साहेबांचा चेहरा करून, वर दोन शब्द माझे घालून उत्तर दिलं असतं. मी नुसतं भरीव म्हटलं आणि खाली बघितलं होतं. काकाने छिन्नी काढली. दाराजवळच्या, फुली असलेल्या टाइलच्या सांध्यात टोक घातलं आणि हलकेच एक ठोका दिला. टाइल अख्खी निघून त्याच्या हातात आली. नीट बसलेली टाइल अशी कधीच येत नाही, तुकडे होतात.

त्याने ती उलटी केली. दातेरी थापीने मसाला पसरला की विंचरलेल्या केसांसारख्या रेघा उमटतात. त्यावर टाइल ठेवून रबरी हातोड्याने ठोकत जायचं, म्हणजे रेघा चेपून सपाट होतात आणि आतली हवा निघून जाते. किती ठोकायचं? काका कधी मोजत नाही. आवाज बदलला की थांबायचं, एवढंच त्याला त्याच्या उस्तादाने शिकवलं होतं. जमिनीवरच्या रेघा मधोमध जशाच्या तशा उभ्या होत्या. नुकत्याच भांग पाडल्यासारख्या.

काकाने त्या रेघांवरून अंगठा फिरवला. मग मला म्हणाला, "पोकळ होती ना?"

"हो."

"बाकीच्या तेरा?"

"त्याही."

"मग भरीव कशाला म्हणालीस?"

मी फरशीवरची एक फुली बोटाने पुसायला लागले. वर्गात सगळ्यात जास्त बोलणारी मी.

काका साहेबांकडे वळला. "साहेब, चूक माझी. कटर मशीनने कान नेले. माणसांचं बोलणं वर्षभर तोंड बघून भागवतोय. पण टाइलचा आवाज मला अजून येतो असं वाटायचं. येत नव्हता बहुतेक. आठवणीतला ऐकत होतो."

मग माझ्याकडे बघून, अगदी सहज, "हां हां म्हटलं की लोक पुन्हा विचारत नाहीत. बरं पडतं."

मी ते जेवणाच्या ताटावर किती वेळा केलं असेल, ते मोजायला बसले आणि मधेच सोडून दिलं.

साहेबांचं काहीतरी बिघडलं होतं. भांडायला आलेल्या माणसाचं भांडणच कुणी काढून घेतलं तर त्याने हात ठेवायचे कुठे? त्यांनी फाईल उघडली, मिटली. "पुढचा मुद्दा," ते म्हणाले, आणि पुढे काही आलंच नाही. शेवटी त्यांच्या आईच म्हणाल्या, "मिस्त्री, चहा घ्या. आणि परत बसवाल ना हो, की दुसरा शोधू?"

"मीच बसवतो. मजुरी नको."

दोन दिवस लागले. शिल्लक नऊ टाइल होत्या, पाच काकाने स्वतः विकत आणल्या. पहिल्या दिवशी त्याने मला दारातही उभं राहू दिलं नाही. मोजून पंचवीस ठोके, तळहात टेकवून अंदाज, मग पुढची. संध्याकाळी मी चमचा घेऊन फिरले. तीन पुन्हा डब्.

"किती?" त्याने विचारलं.

मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि तीन बोटं दाखवली. मसाला ओला होता म्हणून बरं. त्याने त्या लगेच काढल्या. मग उलटी बादली पुढे सरकवली. "बस. आवाज बदलला की हात वर कर." मी हात वर करत गेले. एकदा त्याला वाटलं मी घाई केली, म्हणून त्याने वर आणखी चार ठोके मारले, माझ्याकडे न बघता.

बिल असं मिटलं. पाच टाइलचे पैसे काकाचे. खिडकी अर्धी वजा; साहेब म्हणाले, अर्धी खिडकी त्यांना अजून पटलेली नाही, पण अर्धी पटली. पावतीवर काय लिहायचं यावर ते पेन चावत बसले. "काम समाधानकारक लिहू?"

"चौदा टाइल पुन्हा बसवल्या, असं लिहा," काका म्हणाला. "चूक मिस्त्रीची."

"असं कुणी लिहून घेतं का?"

"मी घेतो."

आईसाहेबांनी आमच्यासमोरच नळ सोडला आणि पाणी जाळीकडे नीट जातंय का ते दांडीला धरून बघत राहिल्या. पाणी नीट गेलं. ढाळ काका नजरेने काढतो.

खाली उतरताना काका डॉक्टरीणबाईंच्या दाराशी थांबला. मी म्हटलं, "काका, आज नको." त्याने बेल दाबली.

बाईंनी दार उघडलं. "या मिस्त्री. सोमवारपासून सुरू करायचं ना?"

"बाई, आधी एक सांगतो. माझे कान कमी झालेत. वर चौदा टाइल पोकळ राहिल्या, त्या पुन्हा बसवून दिल्या. तुमच्याकडे ठोकताना ऐकायला माणूस ठेवीन, त्याची मजुरी माझी. पण नंतर बिलाला वाद नको, म्हणून आधी सांगितलं."

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "बरं केलंत सांगितलंत." मग मान वळवून आत कुणाशी तरी दोन वाक्यं बोलल्या, पुन्हा आमच्याकडे बघून हसल्या. "मी कळवते हं तुम्हाला."

दार लागलं. काका दोन पायऱ्या उतरला आणि थांबला.

"आत वळून काय म्हणाल्या?"

जिन्यात कुणी नव्हतं. काहीही सांगता आलं असतं. मी त्याच्या एक पायरी खाली जाऊन त्याच्याकडे तोंड केलं, आणि नक्कल न करता, माझ्याच आवाजात, सावकाश म्हणाले, "माणूस चांगला आहे. पण कशाला डोक्याला ताप, दुसरा बघू."

"पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं.

काकाने पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "चल," तो म्हणाला, "दुकान बंद व्हायच्या आत केमिकलवाल्याचे देऊन टाकू." आणि कठडा धरून, एकेक पायरी बघत, उतरू लागला.