बंबताईची सात दारांची हवेली

माझ्या नणंदेला सगळे बंबताई म्हणतात. ती अग्निशमन खात्यात होती. बंबावर नव्हे, कचेरीत. नव्या इमारतींचे नकाशे तपासायचे, जागेवर जाऊन जिने मोजायचे आणि बहुतेक वेळा ‘नामंजूर’ लिहून परत यायचं, हे तिचं काम. एकतीस वर्षं केलं. लग्न केलं नाही. का, ते मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही, त्यामुळे आमचं बरं जमतं.

आता ती सहासष्ट वर्षांची आहे आणि भुताखेतांच्या हवेल्या रचते.

हे समजावून सांगायला हवं, कारण मलाही ते दोनदा समजावून सांगावं लागलं होतं. टेबलाभोवती चारपाच माणसं बसतात. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे तिच्यातली पात्रं होतात. चालवणारा म्हणतो, “समोर लोखंडी फाटक आहे, आत कुत्रं रडतंय.” मग तुम्ही काय करता ते तुम्ही सांगायचं. जमलं की फसलं, ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. यात जिंकणं नाही. मरणं मात्र आहे. असले खेळ नाना तऱ्हांचे असतात. बंबताईला नाद एकाच तऱ्हेचा. पडके बुरूज, तळघरातल्या शवपेट्या, रक्त पिणारे सरदार, आरशात न दिसणाऱ्या त्यांच्या बायका.

तिला यात ओढलं तिच्या खात्यातल्या एका स्टेनोंनी. निवृत्तीनंतर एका रविवारी भिडू कमी पडतोय म्हणून ते तिला घेऊन गेले. तिसऱ्या रविवारी ती म्हणाली, “ही गोष्ट ज्याने लिहिली त्याने आयुष्यात जिना पाहिलेला नाही,” आणि घरी येऊन स्वतःच लिहायला बसली. तेव्हापासून डाव तिच्याकडेच पडतो, रविवारी जेवणं झाल्यावर. तिची जागा पहिल्या मजल्यावर आहे. त्याहून वर ती राहत नाही. टेबलापासून दारापर्यंत जमिनीवर पिवळी पट्टी चिकटवलेली आहे. त्या पट्टीवर खुर्ची, पिशवी किंवा पाय ठेवायचा नाही.

आम्ही खेळणारे तिघं. स्टेनो देवळातले पुजारी होतात आणि सवयीने प्रत्येक शब्द लघुलिपीत टिपून घेतात. खालच्या मजल्यावर दातांचा दवाखाना आहे, तिथली डॉक्टरीण अंगाने काडीसारखी, ती साडेसहा फुटी रानटी कुऱ्हाडवाला होते. मी चोर आहे. कॉलेजात अडतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवल्यावर मला याहून सुखाचं काम मिळालेलं नाही.

अडचण एकच होती. बंबताईच्या हवेलीत कुणी मरत नसे.

मरणार कसं? प्रत्येक मजल्याला दोन जिने. प्रत्येक दालनाला दोन दारं, दोन्ही बाहेर उघडणारी. तळघराला हवा खेळती. आम्ही कवट्यांच्या बोळातून धापा टाकत कोपऱ्यावर वळावं, तर समोर रुंद, मोकळा, कठडा असलेला जिना. मागून सरदार दात विचकत येतोय आणि आम्ही आपले रांगेत उतरतोय. एकदा तर मी त्याच्या शवपेटीत अडकले, तर तिला आतून कडी.

“शवपेटीला आतून कडी?” मी म्हटलं.

“तो रोज उठतो ना, वहिनी. बाहेरून कोण काढणार?”

डॉक्टरीण डोक्याला हात लावायची. “बंबताई, हा पिशाच्च आहे की वॉचमन? जाताना दार दाखवतो!”

असल्या साहसांच्या पुस्तिका काढणारी एक छोटी प्रकाशनसंस्था आहे. तिथल्या संपादिकेकडे बंबताईने एकापाठोपाठ पाच हवेल्या पाठवल्या. पाचही परत आल्या. प्रत्येकीवर त्याच अक्षरात तेच दोन शब्दांचे दोन शेरे होते. नकाशा उत्तम. भीती नाही.

सहावी पाठवायच्या आधी संपादिकेचाच फोन आला. सहा भयकथांचा एकत्र ग्रंथ निघतोय, पाच ठरल्या आहेत, एक जागा आहे, महिनाअखेरपर्यंत द्या. “आणि ती मागची दारं काढा हो. माणूस अडकल्याशिवाय घाबरत नाही. पुन्हा दारं दिसली तर मी वाचणार नाही, आधीच सांगते.”

मी गेले तेव्हा बंबताई इस्त्री करत होती.

“नाही छापलं तर काय बिघडणार आहे?” मी विचारलं.

“काही नाही.” ती कॉलर उलटी करून दाबत होती. “मी चार हजारांवर अहवाल लिहिले, वहिनी. त्यातला एक तरी कुणी शेवटपर्यंत वाचला असेल? पहिलं पान उघडायचं, ‘नामंजूर’ बघायचं, मला शिव्या घालायच्या. एकदा असं काही लिहायचंय की माणसाने आपणहून पान उलटावं. शेवटचं पानसुद्धा.”

ती असलं बोलणाऱ्यांतली नाही. मलाही असलं ऐकायची सवय नाही. मी म्हटलं, “मग काढ ते दार.”

“काढते,” ती म्हणाली आणि दुसरा ब्लाउज घेतला.

त्या रविवारी नकाशावर खरोखरच एक दार होतं. मठाखालचं तळघर, आत सरदाराची आई, आणि आम्ही आत शिरताच दार मागे बंद झालं. म्हातारी भिंतीवरून पालीसारखी उतरायला लागली. कुऱ्हाडवाल्याने दोनदा फासा टाकला, दोनदा तीनच पडले. पुजाऱ्याच्या हातून दिवा पडला. मी म्हटलं, “चोर भिंती चाचपते. दुसरं दार?”

“नाही,” बंबताई म्हणाली.

 स्टेनोंची पेन्सिल थांबली. मला चांगलं आठवतं, मी दोन्ही पाय वर खुर्चीत ओढून घेतले होते. पाच वर्षांत पहिल्यांदा मला त्या टेबलावर भीती वाटली, आणि मजा येत होती.

बंबताईने नकाशाकडे पाहिलं. आमच्याकडे पाहिलं. मानेवरून रुमाल फिरवला.

“आहे,” ती म्हणाली. “कपाटामागे. बाहेर उघडतं.”

“बंबताई!” डॉक्टरीण उभीच राहिली. “अहो, आम्ही मरत होतो! छान मरत होतो!”

“कपाटामागे दार आहे,” बंबताई म्हणाली. “जाताय ना?”

गेलो. काय करणार? चाळीस मिनिटांत डाव संपला. डॉक्टरीण तणतणत राहिली. “तुम्ही आम्हाला सुखाने मरूही देत नाही. असं काय पाहिलंय तुम्ही? मोठी आग पाहिलीत का कुठे?”

“नाही. माझ्या सहीची एकही इमारत जळली नाही.”

“मग एवढं कसलं ते दार-दार?”

“जळलीच नाही, म्हणजे ती दारं कुणी वापरलीच नाहीत. बरोबर होती की चुकीची, कळणार कसं?”

 मग स्टेनो, वातावरण हलकं करायला, म्हणाले, “वापरली असती असं तरी कशावरून? आपल्याच कचेरीत तुम्ही एकदा सरावाची घंटा वाजवलीत, आठवतं? मी टाइपरायटरला कव्हर घालत बसलो. बाकीचे साहेब उठायची वाट बघत बसले. आणि साहेब चष्मा शोधत होते.”

“डोळ्यांवर होता,” बंबताई म्हणाली.

डॉक्टरीण हसली. मीही हसले. बंबताई हसली नाही. तिने फासे गोळा करून डबीत टाकले, नकाशाची घडी घातली आणि म्हणाली, “उठा आता. मला काम आहे.”

नणंद असली म्हणून काय झालं, अशी हाकलते ती.

पुढचा रविवार गेला, निरोप नाही. त्याच्या पुढच्या शुक्रवारी फोन. “वहिनी, परवा ये. दोन वाजता. आणि जेवून ये, मध्ये काही मिळणार नाही.”

टेबलावर नवा नकाशा होता. मी मोजली. सात दारं. सातही सताड उघडी, प्रत्येकाची रुंदी बाजूला लिहिलेली. डॉक्टरिणीने माझ्याकडे पाहून डोळे फिरवले. म्हणजे महिनाअखेर गेला, छापणं गेलं, असं मीही मनात धरून बसले.

“सरदारीणबाई तुमचं स्वागत करते,” बंबताईने सुरुवात केली, जिना तपासून आल्यासारख्या आवाजात. “काळे हातमोजे. फार सभ्य बाई आहे. मागे फाटक उघडं आहे. बाहेर तुमचे घोडे उभे आहेत, खोगीर घातलेले. जाताय?”

“आत्ता तर आलो!” डॉक्टरीण म्हणाली.

बंबताईने कागदावर एक बारीक रेघ ओढली.

पहिल्या दालनात सरदार गालाला हात लावून बसला होता. त्याची दाढ दुखत होती. आमची डॉक्टरीण पुढे सरकून बसली. “कुठली? वरची की खालची? सुळ्याच्या मागची का?” साडेसहा फुटी कुऱ्हाडवाला कुऱ्हाड बाजूला ठेवून सरदाराच्या तोंडात डोकावू लागला. दुसऱ्या दालनात लिहिण्याचं टेबल होतं, सात खणांचं. मी सहा उघडले. सातवा अडत होता. तिसऱ्यात पुस्तकं होती आणि पाहुण्यांची एक जाडजूड वही. स्टेनो म्हणाले, “पुजारी ही वही उतरवून घेतो,” आणि खरोखरच लिहायला बसले. बंबताई सावकाश सांगत होती आणि ते टिपत होते.

मधूनमधून ती विचारायची. “दार उघडं आहे. घोड्यांच्या खोगिरांवर थोडी धूळ दिसते. जाताय?”

“एक मिनिट,” मी म्हटलं. “हा खण हलायला लागलाय.”

रेघ.

“दार उघडं आहे. घोडे खाली बसलेत. जाताय?”

“हिरडी सुजलीय हो याची, अशी कशी टाकून जाऊ?” डॉक्टरीण म्हणाली.

रेघ.

“दार उघडं आहे. खोगिरं जमिनीवर आहेत. घोडे नाहीत. जाताय?”

“झालंच,” स्टेनो म्हणाले. “दीड पान राहिलंय.”

रेघ. तिने आवाज एकदाही चढवला नाही, दिवे मालवले नाहीत, सरदारिणीला दात काढायला लावले नाहीत. ती बाई नुसती दारात उभी राहून म्हणत होती, बसा ना, घाई काय आहे. मला आठवत नाही मी घड्याळाकडे शेवटचं कधी पाहिलं. फासा डबीतून कुणी बाहेरसुद्धा काढला नव्हता.

मग बंबताई वहीची शेवटची पानं सांगू लागली. नाव, आल्याची तारीख, थांबण्याचं कारण. स्टेनो लिहीत गेले. पाऊस उघडण्याची वाट पाहत होते. पत्र पुरं करायचं होतं. यजमानीण वाईट मानेल असं वाटलं. मोज्याची जोडी सापडत नव्हती.

“पुढे,” स्टेनो म्हणाले.

“कुऱ्हाडवाला. एका दाढेची तपासणी राहिली होती. चोर. सातवा खण. पुजारी.” ती थांबली. “ही यादी उतरवून घ्यायची होती.”

स्टेनोंनी ते लिहिलं. मग आपण काय लिहिलं ते वाचलं. त्यांच्या हातातली पेन्सिल टेबलावरून घरंगळत खाली गेली आणि कुणी ती उचलली नाही.

“दार उघडं आहे,” बंबताई म्हणाली. “जाताय?”

“हो!” आम्ही तिघंही एकदम ओरडलो.

“पहिलं कोण?”

स्टेनोंनी मान लववली. “आधी डॉक्टर.”

“छे छे, मॅडम वडील आहेत,” डॉक्टरीण म्हणाली. “मॅडम, तुम्ही व्हा पुढे.”

“अगं, मला कशाला, तू दाराजवळ आहेस,” मी म्हटलं.

बंबताईने शेवटची रेघ ओढली, पेनाला टोपण लावलं आणि फाईल मिटली.

 मग डॉक्टरीण उठली, दारातल्या चपला पायात न घालता हातात घेतल्या आणि तशीच जिना उतरून गेली. स्टेनो तिच्या मागोमाग गेले. मीही निघाले. घरी पोचल्यावर लक्षात आलं, चष्मा तिथेच राहिला होता. आणायला परत गेले नाही.

बंबताईने बाड पाठवलं, सात दारांसकट. सोबत चिठ्ठी जोडली: दारं काढलेली नाहीत. वाचायचं तर वाचा. चार दिवसांनी संपादिकेचा फोन आला. ती म्हणाली की दोनच पानं बघू म्हणून उघडलं आणि स्वयंपाकघरात दूध उतू गेलं. एकही दार हलवायचं नाही, वर प्रत्येक दाराची रुंदी छापायची, असं तिनेच बजावलं. बंबताईने “बरं” म्हणून फोन ठेवला आणि मला सांगितलं, “दूध गॅसवर ठेवून वाचत बसली. बघ.” तिला संपादिकेबद्दल फार बरं वाटलेलं दिसलं नाही.

ग्रंथ निघाला. तिची हवेली शेवटी होती, सहावी. मी म्हटलं, शेवटची म्हणजे कुणी तिथवर पोचेल की नाही कोण जाणे. ती म्हणाली, “हो ना.” पाच महिने कुठून काही कळलं नाही. ती रोज खाली जाऊन टपालपेटी बघून यायची, आणि मी विचारलं की म्हणायची, विजेचं बिल यायचंय.

मग एक पत्र आलं, अनोळखी माणसाचं, दूरच्या गावाहून. माझ्यासमोरच तिने ते फोडलं आणि वाचून माझ्याकडे सरकवलं. त्याने लिहिलं होतं: आम्ही चौघं खेळत होतो. पाहुण्यांच्या वहीपाशी आलो तेव्हा आमच्यातला एक काही न बोलता उठून घराबाहेर गेला. मग आम्हीही गेलो. परत आत जायला कुणी तयार होईना, पण पुढे काय होतं ते कळल्याशिवाय राहवेनाही. एक जण हात लांब करून पुस्तक तेवढं घेऊन आला. राहिलेली पानं आम्ही रस्त्यावर उभं राहून वाचली.

“म्हणजे वाचलं शेवटपर्यंत,” मी म्हटलं.

“बाहेर उभं राहून,” बंबताई म्हणाली. तिने पत्र परत घेतलं, आणखी एकदा वाचलं. “तसंच वाचायला हवं.”