सीझन संपल्यावर वाचायची पुस्तकं

अमेरिकेतला बेसबॉलचा सीझन दिवाळीच्या आगेमागे संपतो. त्यानंतरचे चार-पाच महिने मला अगदी सुने जायचे. पनवेलमध्ये हे दुःख सांगायचं कोणाला? ऑफिसातल्या मैत्रिणींना बेसबॉल म्हणजे अमेरिकन लोकांचा विटीदांडू वाटतो.

मी शाळेत सॉफ्टबॉल खेळायचे. तिसऱ्या बेसवर उभी राहायचे, जिल्ह्यापर्यंत गेले होते. मग नोकरी, लग्न, सगळं सुटलं. लॉकडाऊनमध्ये एका सकाळी फोनवर अमेरिकेतला सामना सापडला आणि मी परत त्यात अडकले. तिकडची संध्याकाळ म्हणजे आपली सकाळ, आणि मी वकिलांच्या ऑफिसात जाते ती अकराला. डबे भरता भरता सामना चालायचा.

एकदा मी एवढी ओरडले की वरच्या मजल्यावरचे काका खाली आले. मला वाटलं, तक्रार करायला आले असणार. दार उघडल्याबरोबर म्हणाले, "कोण आऊट झालं?"

काका बेने इस्राईल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, मूळचे इथलेच. नातेवाईक बहुतेक इस्राईलला गेलेले. काका बँकेतून निवृत्त झाल्यावर मुलाकडे अमेरिकेत सात वर्षं राहिले, मग काकू गेल्या आणि हे हट्टानं पनवेलला परत आले. तिकडून येताना त्यांनी काय आणलं, तर बेसबॉलचं वेड. त्या दिवसापासून आम्ही सामने एकत्र बघायला लागलो. त्यांना मोतीबिंदूमुळे फोनवर फारसं दिसायचं नाही, मी सांगायचे आणि ते ऐकायचे.

गेल्या वर्षी शेवटचा सामना संपला आणि मी तोंड पाडून बसले. काका म्हणाले, "रडतेस काय? आता तर खरी मजा. चल वर."

त्यांनी कपाट उघडलं. तीन कप्पे भरून बेसबॉलची पुस्तकं! त्यांनी चाचपून तीन काढली. "सीझन नसताना ही वाचायची, आणि याच क्रमानं. पहिलं एका कॅचरचं आहे, खालच्या दर्जाच्या लीगमध्ये बसनं गावोगाव हिंडायचा, जाईल तिथलं खायचा. वाचताना भूक लागते. दुसरं, स्कोअर कसा लिहायचा त्याचं. कंटाळवाणं वाटेल, पण सोडायचं नाही, त्यानं डोळे उघडतात. तिसरं एका म्हाताऱ्या पिचरचं. ते सगळ्यात शेवटी."

"काका, कॉलेजनंतर मी एवढं जाड इंग्रजी पुस्तक हातात धरलेलं नाही."

"मग मोठ्यानं वाच. मराठी करून वाच. मलाही ऐकायला मिळेल."

असं ठरलं. वाचनाचा दिवस शनिवार, कारण मला सुट्टी असते आणि शनिवार काकांचा शब्बाथ, धर्मानं विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी ते फोनला हात लावत नाहीत. "पुस्तकाला मात्र मनाई नाही," असं ते खुशीत म्हणायचे. त्यांच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी शनिवारचं जेवण शुक्रवारीच करून ठेवायच्या. एका शनिवारी विसरलेली पिशवी न्यायला आल्या, दारात उभ्या राहून दोन पानं ऐकली आणि बसल्या त्या बसल्याच. पुढच्या शनिवारी नुसत्या ऐकायला आल्या.

मावशी राहायला उलव्याला, माहेर करंजाचं, वडील मासेमारी करायचे. मी त्यांना मैदान समजावून सांगत होते. पिचर चेंडू टाकतो, बॅटर तो मारतो, बॅटरच्या मागे झेलायला कॅचर बसतो, आणि असे एकूण नऊ जण चेंडू अडवायला पांगलेले असतात. मावशींनी मला मध्येच थांबवलं.

"म्हंजे मासे धरायचं जालंच की! भोक कुटं हाय तेवडं बगायचं आन् तितून काडायचा."

काका खुर्चीतून उठले. "अगं, हे कळायला मला दोन वर्षं लागली होती!"

त्यानंतर आमची गाडी सुसाट सुटली. कॅचरचं पुस्तक तीन शनिवारांत संपलं. स्कोअरच्या पुस्तकानं खरंच डोळे उघडले. मी कॅलेंडरच्या मागे चौकटी आखून जुन्या सामन्यांचे स्कोअर लिहायला लागले. ऑफिसात टायपिंग करताना मनात पिचर आणि बॅटर चालू असायचे. इतकी उत्सुकता मला शाळेतल्या फायनलच्या आदल्या दिवशी वाटली होती, त्यानंतर कधीच नाही.

मग म्हाताऱ्या पिचरचं पुस्तक सुरू झालं. माणूस एक्केचाळीस वर्षांचा, खांदा दुखतोय, आयुष्यात एकदाही किताब जिंकलेला नाही. मावशींचा त्याच्यावर जीव जडला. त्या त्याला "आपला म्हातारा" म्हणायच्या. शेवटच्या सामन्याला आलो तेव्हा त्या पदर खोचून सतरंजीच्या कडेला बसल्या होत्या.

शेवटची इनिंग. म्हाताऱ्याचा संघ एका रननं पुढे. समोरचे दोन आऊट, पण तिन्ही बेसवर माणसं उभी. आणखी एक आऊट झाला की जिंकले. बॅटरनं चेंडू उंच मारला. मी वाचत होते आणि माझी नजर पुढच्या ओळीवर गेली. म्हाताऱ्याच्याच संघातला कोवळा पोरगा चेंडूखाली धावतो, चेंडू त्याच्या ग्लव्हला लागून खाली पडतो, बेसवरचे दोघं पळत होमला, म्हणजे सुरुवातीच्या जागी पोचतात आणि दोन रन होतात. सामना गेला.

मी मान वर केली. मावशींचे दोन्ही हात छातीशी घट्ट धरलेले. "मंग? जिकला का नाय आपला म्हातारा?"

"कॅच!" मी ओरडले. "जिंकला!"

मावशींनी टाळ्या पिटल्या, डोळे पुसले आणि हसत घरी गेल्या. मी निघताना चपला घालत होते तेव्हा काका म्हणाले, "ते पुस्तक मी दोनदा वाचलंय गं."

"काका, त्यांचं तोंड बघून माझ्याच्यानं वाचवेना."

"मला कळलं. पण तो हरतो म्हणून तर मी ते शेवटी ठेवलं. पुढची चार पानं तू वाचलीसच नाहीस."

घरी जाऊन मी ती पानं वाचली आणि आठवडाभर अस्वस्थ राहिले. पुढच्या शनिवारी मावशी आल्या आल्या मी खरं सांगून टाकलं.

"खोटं बोललीस आमाला?" त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. भांड्यांचा आवाज आला. शनिवारी तिथे घासायला काहीच नसायचं, त्या घासलेलीच परत घासत होत्या. मी गुपचूप पुस्तक उघडलं आणि आत ऐकू जाईल एवढ्या आवाजात वाचायला सुरुवात केली.

चेंडू पडला. सगळं मैदान गप्प. पोरगा गवतावर गुडघ्यांत डोकं घालून बसलेला, कोणी त्याच्या जवळ जाईना. म्हातारा खांदा धरून मैदान ओलांडून त्याच्याकडे गेला, त्याची पडलेली टोपी उचलून झटकली, त्याच्या डोक्यावर घातली आणि शेजारी बसला. दिवे मालवेपर्यंत दोघं तिथेच बसून होते. पुढच्या वर्षी म्हातारा खेळला नाही. तो त्या पोराला उंच चेंडू घ्यायला शिकवत होता, रोज शंभर.

आतला आवाज थांबला होता. मावशी ओले हात तसेच धरून दारात उभ्या होत्या.

"हे आदी का नाय वाचलंस?" त्या म्हणाल्या. "ह्यो तर लय मोटा मानूस हाय. तुजा जिकलेला काय एवडा नवता."

काका एवढे हसले की त्यांना ठसका लागला. मावशींनी त्यांना पाणी दिलं, मला पुस्तक खाली ठेवायला लावलं आणि स्वतः कपाटापाशी गेल्या. त्यांना अक्षर वाचता येत नाही. सगळ्यात जाड पुस्तक ओढून काढलं आणि माझ्या मांडीवर टाकलं. "ह्ये काड. आन् जसं लिवलंय तसं सांग."

मार्चअखेरीस नवा सीझन सुरू झाला तेव्हा ते पुस्तक ऐन रंगात आलं होतं. पहिल्या सामन्याच्या सकाळी मी फोन घेऊन धावत वर गेले. मावशी कणीक मळत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "त्यो फोन ठेव बाजूला. पयलं ह्ये पान संपव."