खिळा की गोंद

फोरमनकाकांनी गाडीच्या मागे उकिडवं बसायचं, अंगठ्याचं नख तिथल्या चकचकीत बिल्ल्याच्या कडेखाली सरकवायचं आणि गाडीलाच विचारायचं, "कुणी दिलं गं तुला हे?"

मालकाला नाही, गाडीला. ओळखीच्या घरातल्या लहान मुलीच्या हातात दुसऱ्याची बांगडी दिसावी, तसा त्यांचा सूर असायचा. मालक शेजारीच ओलं फडकं घेऊन उभा असायचा आणि तो कानापर्यंत लाल व्हायचा. आम्ही मराठी घरांतले त्यांना फोरमनकाका म्हणत असू, बाकीचे ब्लॉकवाले फोरमन अंकल. सरकारी वर्कशॉपमधून निवृत्त झाले होते आणि मुलीच्या नावावरच्या क्वार्टरमध्ये तिच्याबरोबर राहत होते.

दिल्लीत सरोजिनी नगरच्या आमच्या क्वार्टरांपुढे दोन जांभळाची झाडं आणि थोडी मोकळी जागा होती. रविवारी सकाळी तिथे गाड्या धुतल्या जायच्या. घरात स्वतःचा कप न विसळणारे पुरुष तिथे दात घासायच्या ब्रशने चाकांच्या जाळ्या घासत बसायचे. तुमच्याकडेही असतील असे, तुम्ही पाहिले असतील. आमचं घर तळमजल्यावर होतं आणि माझं शिवणयंत्र खिडकीशी. बाहेर पाऊल न टाकता मला त्या मंडळींचा शब्दन् शब्द ऐकू यायचा.

आणि शब्द तरी काय असायचे! कोणी छोट्या गाडीला मागे शेपटी बसवून आणलेली असायची, विमान उडणार असल्यासारखी. कोणी ब्रेकच्या डब्याला लाल रंग फासलेला. कोणी बाजारातून इंग्रजी अक्षरांचा चकचकीत बिल्ला आणून मागे चिकटवलेला, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की कंपनीने ही गाडी खास पळण्यासाठी काढली आहे. प्रत्यक्षात ती गाडी शाळेत मुलं सोडायची आणि भाजी आणायची. पण ती किती पळते यावर दोन दोन तास वाद चालायचा.

या वादात सगळ्यांत पुढे असायचा रिंकू. वरच्या मजल्यावरचा, बँकेत नोकरी करणारा, तिशीला टेकलेला. त्याने एकदा इंजिनावरच्या झाकणाला, वारा आत घेतं म्हणतात तसलं एक उघडं तोंड बसवून आणलं. "अंकल, अब इंजन खुल के साँस लेगा," तो म्हणाला.

फोरमनकाकांनी बादलीतून मगभर पाणी घेतलं आणि त्या तोंडात ओतलं. सगळं पाणी परत त्यांच्याच चपलेवर आलं. आत वाटच नव्हती, वरून नुसतं चिकटवलेलं होतं.

"दीवार पर खिड़की का चित्र बनाया है बेटा," काका म्हणाले. "अब पर्दा भी लगा ले."

लोक हसले. सगळ्यांत मोठ्याने हसले ते वर्माजी. वर्माजी मागच्या ब्लॉकमधले क्लार्क. त्यांच्या स्वतःच्या गाडीला धूर सोडायची दोन तोंडं होती. काकांनी गाडी चालू करायला लावली आणि दोन्ही तोंडांपुढे हात धरला. एकातून गरम हवा येत होती. दुसरं थंड. "वर्माजी, यह वाला किसलिए खुला है? जम्हाई ले रहा है?"

तेव्हा वर्माजींना हसू आलं नाही.

मीही आत बसून हसायची, पण माझं हसणं पूर्ण खरं नव्हतं. करोल बागेतल्या एका दुकानासाठी मी गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवत असे. काळं रेक्झिन, त्यावर लाल दोऱ्याची शिवण, आणि डोकं टेकायच्या जागी तीच पळणारी इंग्रजी अक्षरं. चौथीनंतर शाळा सुटली, त्यामुळे ती अक्षरं मी वेलबुट्टीसारखी भरायची. बाहेर काका ज्याची टर उडवत होते, तेच माझ्या सुईखाली तयार होत होतं.

एका रविवारी ते दारात आले. "वहिनी, नायलॉनचा मजबूत दोरा आहे का? वीतभर नको, हातभर द्या."

मी कव्हर पदराखाली घ्यायला गेले, पण सीटचं कव्हर पदराखाली मावतं का? त्यांनी पाहिलं. मशीनजवळ आले, वाकून शिवणीवर बोट फिरवलं.

"एका रेषेत आहे शिवण. वर्कशॉपात असा हात असलेला एकच होता माझ्याकडे." मग अक्षरांकडे बघून म्हणाले, "पण हे कशाला?"

"दुकानदार सांगतो तसं करते, काका."

"मग ते त्याच्या कपाळावर शिवा."

एवढं बोलून दोरा घेऊन गेले. त्यानंतरही त्यांनी कव्हरांची टिंगल सोडली नाही. फक्त शेवटी माझ्या खिडकीला ऐकू जाईल अशा आवाजात जोडायला लागले, "सिलाई अच्छी है. सिलाई का कोई कसूर नहीं."

दोरा कशाला लागायचा, तेही सांगते. मालक शरमून "निकाल दो अंकल" म्हणाला की काका घरून किटलीभर कढत पाणी आणायचे. बिल्ल्यावर फडकं ठेवून त्यावर ते हळूहळू ओतायचे, गोंद मऊ व्हायचा. मग नायलॉनचा दोरा मागे घालून करवतीसारखा पुढे-मागे ओढायचा. बिल्ला अलगद हातात यायचा. उरलेला गोंद रॉकेलच्या बोळ्याने पुसला की तिथे कधी काही होतं हे सांगूनही खरं वाटू नये. त्यांच्यापाशी बिस्किटांचा एक डबा अशा बिल्ल्यांनी भरला होता. त्यातले तीन एकट्या रिंकूचे.

"ओळखायचं कसं, काका?" मी एकदा विचारलं.

"सोपं आहे. खऱ्या बिल्ल्याला मागे खिळे असतात. कंपनी पत्र्याला भोकं पाडून बसवते. खोट्याला गोंद. खिळा की गोंद, एवढंच बघायचं."

"पण लावला कोणी तर तुमचं काय जातं?" हे माझ्या तोंडून कसं निघालं कोण जाणे.

ते दाराच्या चौकटीला टेकले. म्हणाले, "वर्कशॉपात ब्रेक तपासले की आरशाला एक पत्र्याची चकती अडकवायची पद्धत होती. एकाने न तपासताच अडकवली. जेवायची घाई होती त्याला. मी चकती बघून गाडी बाहेर काढली. रिजच्या टेकडीच्या उतारावर ब्रेकच लागेना. भिंतीला घासत घासत थांबवली. शेजारी बसलेल्या ड्रायव्हरचा पाय गेला. गाडीवर लिहिलेलं वाचून दुसरा माणूस आपला जीव त्यात बसवतो, वहिनी."

मग नेहमीसारखं नाक मुरडून म्हणाले, "या माकडांना काय कळणार?"

मला तेव्हा वाटलं, या माणसाला त्या रविवारच्या कोंडाळ्यात जायची गरजच काय? पण गरज होती. सोमवार ते शनिवार त्यांना कोणी काही विचारत नसे. मुलगी सकाळी मिनिस्ट्रीत जायची ती संध्याकाळी यायची. कोणाला जुनी गाडी घ्यायची असली, की मात्र आधी त्यांना नेऊन दाखवायचे. 'फोरमन अंकल ने देख ली?' हाच प्रश्न. एवढ्या एका शब्दावर त्यांचा आठवडा उभा होता.

मग रिंकूने नवी गाडी घेतली. शनिवारी संध्याकाळी आणली, रविवारी सकाळी झाडाखाली लावली आणि लाडूंचा डबा आणायला वर गेला. काका आले, मागे बसले, नख घातलं. मऊ गोंद लागला.

"फिर वही! नई दुल्हन को भी नहीं छोड़ा."

"उतार दो अंकल," वर्माजी म्हणाले, "सरप्राइज देंगे."

रिंकूचे तीन बिल्ले त्यांनी काढलेले होते आणि तिन्ही वेळा त्याने मान हलवली होती. चौथ्या वेळी त्यांनी विचारलं नाही. किटली आली. दोरा मीच दिला, खिडकीतून.

या वेळी बिल्ला अलगद आला नाही. ताणला आणि मधोमध तडकला. दोन तुकडे त्यांच्या तळहातावर होते, तेवढ्यात रिंकू लाडू घेऊन खाली आला.

तो ओरडला नाही. गाडीचं दार उघडलं, कंपनीचं पुस्तक काढलं आणि पान उघडून काकांसमोर धरलं. त्यात तीच गाडी होती, तोच बिल्ला होता. या वेळी त्याने खरंच कंपनीचं पळणारं मॉडेल घेतलं होतं, कित्येक वर्षं हौस पुढे ढकलून.

"पण गोंद..." काका मराठीतच बोलले.

"अंकल, अब कंपनी ही गोंद से लगाती है! किस ज़माने में हो आप?"

आणि सगळे हसले. ज्यांच्या गाड्यांवर उघड्या जांभया आणि रंगवलेल्या खिडक्या होत्या, ते सगळे. वर्माजींना तर ठसका लागला. इतक्या वर्षांची उधारी फेडत असल्यासारखे हसत होते. मला त्या हसण्याची जी किळस आली, ती अजून गेलेली नाही.

काकांनी चष्मा लावला आणि पुस्तकाचं ते पान पूर्ण वाचलं. मग म्हणाले, "मेरी गलती है. कंपनी से मँगवाकर दूँगा."

कंपनीने सांगितलं, दीड महिना लागेल. आणि पुढच्या रविवारी रिंकूचा साखरपुडा होता. मुलीकडच्यांना त्याने या मॉडेलचं ऐकवून ठेवलं होतं. "बिना मोनोग्राम के मैं झूठा पड़ूँगा अंकल," तो म्हणाला. बाजारात बिल्ल्याला मोनोग्राम म्हणतात. त्याच्या बोलण्यात तथ्य होतं. आयुष्यात पहिल्यांदाच तो खरं बोलत होता आणि ते खोटं ठरणार होतं.

बुधवारी काका माझ्या दारात आले. बराच वेळ मशीनकडे बघत राहिले.

"वहिनी, तुमच्या त्या दुकानात मिळेल का?"

काय ते त्यांनी उच्चारलं नाही, मीही विचारलं नाही. दुकानात त्याचा खण भरलेला होता. दुकानदार म्हणाला, "ले जाओ बहनजी, असली से ज़्यादा चमकता है." मी वर्तमानपत्रात गुंडाळून आणला.

शनिवारी दुपारी, मैदान रिकामं असताना, रिंकूला सांगून त्यांनी तो लावला. माझाच दोरा आडवा ताणून रेघ धरली, पेन्सिलीने दोन ठिपके केले, श्वास रोखून दाबला. केसभर तिरका नव्हता. उठताना गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "आजवर खोट्या गाडीवर खोटा बिल्ला पाहिला. खऱ्या गाडीला खोटा मीच लावला. कंपनीचा आला की लगेच बदलतो. तोपर्यंतच."

साखरपुड्याच्या दिवशी पाहुण्यांनी गाडीभोवती फेरी मारली. वर्माजींनी सगळ्यांदेखत विचारलं, "क्यों अंकल, असली आ गया?"

"हाँ जी, कंपनी का है," रिंकूच बोलला. काका हातातल्या सरबताच्या पेल्यात बघत राहिले.

दीड महिन्याने कंपनीचा बिल्ला आला. त्याच दिवशी काका किटली घेऊन खाली उतरले. रिंकू ऑफिसमधून येऊन गाडी लावत होता.

"रहने दो अंकल," तो म्हणाला. "यह वाला ज़्यादा चमकता है."

"लेकिन यह नकली है."

"धीरे बोलो! किसे पता है? आपको और मुझे. गाड़ी तो असली है ना? फिर क्या फ़र्क पड़ता है?"

मी खिडकीत होते. मला त्याने हिशेबात धरलंच नव्हतं, ते ठीकच. काका म्हणाले, "पाँच मिनट का काम है, बेटा." रिंकूने त्यांच्या खांद्यावर थाप मारली, अगदी प्रेमाने, आणि शीळ घालत जिना चढून गेला. काका किटली धरून उभे होते. तोटीतून वाफ येत होती. ती थांबली, तेव्हा ते घरी गेले.

त्यांनी रिंकूला आणखी दोनदा विचारलं, मला माहीत आहे. त्याच्या परवानगीशिवाय आता ते गाडीला हात लावणार नव्हते. एकदा लावला होता, तेवढा पुरे झाला होता. रविवारी खाली उतरणं त्यांनी बंद केलं. मंडळी गॅलरीकडे बघून हाका मारायची, "अंकल, गोंद देखने आ जाओ!" काही रविवारांनी तेही थांबलं. जुनी गाडी दाखवायला कोणी नेलं, तर "डोळ्यांना दिसत नाही" म्हणायचे. डोळ्यांना चांगलं दिसत होतं. माझ्या सुईत त्यांनी त्याच महिन्यात दोरा ओवून दिला होता.

पुढे मुलीची नागपूरला बदली झाली. सामानाचा टेम्पो निघाला, तेव्हा कंपनीचा बिल्ला, पाकिटासकट, त्यांच्या शर्टाच्या खिशात होता. रिंकू लग्नाच्या खरेदीला गेला होता. ते जांभळाखाली त्याच्या येण्याची वाट बघत थांबले. शेवटी मुलीने हाताला धरून नेलं.

तीन वर्षांनी मुलीचा फोन आला, काका गेले. मी ब्लॉकमध्ये सांगितलं. सगळे हळहळले. वर्माजी म्हणाले, "हीरा आदमी था."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी रिंकूने ती गाडी विकायला काढली. गिऱ्हाईक रविवारी सकाळी आलं, नवरा-बायको आणि त्यांचा गाड्यांतलं कळणारा एक मित्र. मित्राने सगळं तपासलं, मागे आला, बिल्ल्याकडे बघून कपाळाला आठी घातली.

"यह असली है ना?"

वर्माजी तिथेच गाडी पुसत होते. रिंकूने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, मग गिऱ्हाइकाकडे. "हमारे यहाँ एक फोरमन अंकल थे," तो म्हणाला. "सारी दिल्ली में उनके जैसी नज़र किसी की नहीं थी. पूछ लो इनसे."

"बिल्कुल," वर्माजी म्हणाले.

"उन्होंने अपने हाथ से लगाया है."

या वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता. गिऱ्हाइकाच्या बायकोने नवऱ्याकडे बघून मान हलवली, आणि गाडी विकली गेली.