रुमालाखालचं बोट

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय — कसं सांगू, तेच कळत नाही.

दोंडाईच्याच्या बैलबाजारात मी दलाली केली, आणि तिथून भांडत, घासाघीस करत थेट दिल्लीत खासदार झालो. बैलाचा भाव तोंडाने सांगत नाहीत. रुमालाखाली हात धरून बोटं दाबतात. तोंडाने वाटेल त्या थापा माराव्यात, रुमालाखाली खोटं नाही. हे मला नानांनी शिकवलं. बाजारातले सर्वांत जुने दलाल.

लोकपालाच्या कायद्यासाठी नाना धुळ्यात उपोषणाला बसले — त्या वयात! मी मांडवात जाऊन मत देण्याचा शब्द दिला. पण मतदानाच्या आदल्या दिवशी पक्षाच्या नेत्याने सांगितलं, सभागृहात येऊ नको, पुढचं तिकीट तुझंच. बैलाचे दात बघितल्याशिवाय बोट न दाबणारा मी — लगेच मान डोलावली. मतं पडत होती तेव्हा मी बाहेर चहा पीत होतो. त्या खेपेला कायदा पडला.

हे तर पेपरात छापून आलं. मग लपवलं काय?

नाना घरी आले. उपरणं सोडलं, माझा हात त्याखाली ओढला. "मत दिधं ना रे भो?"

मी बोट दाबलं. हो.

नाना बाजारभर भांडत फिरले — पेपरवाले खोटारडे, त्याने मला रुमालाखाली सांगितलंय! लोक हसायचे, "नाना, खासदारनी तुले गाय सांगीसन बैल इकी दिधा!"

पुढे तिकीट दुसऱ्यालाच दिलं हरामखोरांनी. जळगावच्या बैठकीत माझं डोकं फिरलं. सगळ्यांदेखत नेत्यावर ओरडलो — तुझ्यासाठी मी मत बुडवलं! त्याच्यावरचा माझा राग अजून जात नाही. पण मला कुठल्या तोंडाने राग यावा?

तिथेच कुणीतरी विचारलं, मग नाना सांगतात ते काय? आणि मी — हेच ते — मी म्हणालो, "मी बोट दाबलंच नाही. म्हाताऱ्याचा हात बधिरलाय."

हात बधिरलेल्या दलालाशी सौदा कोण करणार? हळूहळू नानांच्या रुमालाखाली कुणी हात घालेना. मग ते स्वतःच डॉक्टरकडे बोटं दाखवून आले, म्हणतात.

परवा बाजारात त्यांनी घरची बैलजोडी विकली. भाव तोंडाने सांगितला, मोठ्याने. मला बघून ओशाळं हसले, हात उपरण्यात लपवला.

त्यांचा हात बधिर नव्हता. मी बोट दाबलं होतं. त्यांना बरोबर कळलं होतं.