कपाळावरची जांभळी वेळ

भुतं दिसतात म्हणून सांगत येणाऱ्या माणसाचं मी आयुष्यभर आधी ब्लडप्रेशर बघितलं आणि मग शेवटचं कधी जेवलात ते विचारलं. निम्मी भुतं तिथेच उतरायची. या सदरातले अनुभव मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवतो आणि हसतो... त्यामुळे आज मीच लिहायला बसलोय म्हटल्यावर ती माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघतेय. बघू दे.

मी शहाद्याजवळच्या ब्राह्मणपुरीचा. घरी कापूस आणि केळी. इंटर सायन्स झालो, पण पहिल्या खेपेला मेडिकलची सीट हुकली. घरी बसून वडिलांची बोलणी खाण्यापेक्षा बरं म्हणून अक्कलकुव्याच्या एका दवाखान्यात ड्रेसर म्हणून लागलो. छप्पन्न-सत्तावन्नचा सुमार असेल. तेव्हा आमचा सगळा भाग धुळ्याखाली होता. ड्रेसरचं काम जखमा धुण्याचं आणि पट्ट्या बांधण्याचं, पण डॉक्टर आठवड्यातले चार दिवस दौऱ्यावर असायचे. सातपुड्यातून झोळीत घालून आणलेला माणूस आधी आमच्याच हातात पडायचा.

आमच्या म्हणजे माझ्या आणि नथूनानांच्या. नाना सीनियर ड्रेसर, प्रकाशाचे, वय पन्नाशीचं, शिक्षण चौथी. पुढे कॉलेजात मला जे शिकवलं त्यातलं बरंचसं नानांनी आधीच शिकवलं होतं, तेही शिव्यांसकट.

नानांचा एक नियम होता. हातापायाचं रक्त थांबत नसेल तर जखमेच्या वर रबरी नळी आवळून बांधायची आणि बांधल्याची वेळ रोग्याच्या कपाळावर लिहायची — जखमेला लावतो त्या जांभळ्या औषधाने. चिठ्ठी भिजते, हरवते. कपाळ कुठे जात नाही. दोन तासांच्या आत असेल तर नळी हळूच सैल करून बघता येते. दोन तास उलटले असतील तर तिला हात लावायचा नाही, सर्जनच्या टेबलावरच सोडायची. कारण तोवर खालचा भाग मरायला लागलेला असतो आणि नळी सोडली की तिथलं विष एकदम अंगभर पसरतं. नाना आकडा लिहून खाली दोन रेघा मारायचे, वरची लांब आणि खालची आखूड. का, म्हणून विचारलं तर म्हणायचे, "मन्ही सही शे ती."

आता तो दिवस. नाना लसीकरणाला बाजारात गेलेले, डॉक्टर दौऱ्यावर. जंगलकामावरचा खाल्या नावाचा माणूस आणला. कुऱ्हाड निसटून मांडीत घुसली होती. मी नळी बांधली, घड्याळ बघितलं. नेमकी वेळ मला आजही पाठ आहे, ती शेवटी सांगतो. जांभळ्या औषधाच्या बाटलीकडे हात नेला आणि दारात पोस्टमन उभा. मेडिकल कॉलेजचं पत्र. सीट मिळाली होती!

पुढचा वेळ कसा गेला ते मला सांगता येत नाही. पत्र चार वेळा वाचलं. समोरच्या हॉटेलवाल्याला वाचून दाखवलं. मधे खाल्याला पाणी पाजलं, पट्टी बदलली, तो माझ्याकडे बघून हसलासुद्धा. पण कपाळ कोरं ते कोरंच राहिलं.

नाना एक वाजता आले, तेव्हा नळी बांधून दोन तास होत आले होते. बाजारात बातमी कळल्यामुळे खाल्याला सर्जनकडे न्यायला त्यांनी लाकडाचा एक ट्रक थांबवूनच आणला होता. खाल्याचं कोरं कपाळ बघून त्यांनी मला विचारलं, "काय रे भाऊ, रबर कितीले बांधं?"

खिशात ते पत्र होतं. माझी जीभ मला न विचारताच बोलली. "साडेबाराला, नाना."

नानांनी काडीला कापूस गुंडाळला, बोळा बुडवला आणि कपाळावर '१२-३०' लिहिलं. खाली दोन रेघा. मी बघत उभा राहिलो. अजूनही सांगता आलं असतं. ट्रक निघेपर्यंत सांगता आलं असतं.

नाना खाल्याबरोबर गेले, मी दवाखान्यात थांबलो. तळोद्याजवळ ट्रक बंद पडला. सव्वादोनला नानांनी कपाळ बघितलं, हिशेब दोन तासांच्या आतला, म्हणून नळी हळूच सैल केली. पाच मिनिटांत खाल्या गेला.

चौकशी झाली. खाल्याला आणणाऱ्यांच्या सांगण्यावरून, वेळ चुकीची लिहिली, असं तिथे ठरलं. अक्षर कोणाचं? नानांचं. त्यांनी माझं नाव घेतलं नाही आणि मी तोंड उघडलं नाही. नानांची नोकरी गेली. मी पुण्याला निघालो तेव्हा ते एसटीपर्यंत सोडायला आले, माझी ट्रंकही टपावर त्यांनीच चढवली. म्हणाले, "डॉक्टर व्हय. पन कोनंच कपाय कोरं सोडू नको." म्हणजे त्यांना सगळं कळलं होतं. मला त्या क्षणी जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटलं... आणि तरी मी गाडीत बसलो.

मी तिसऱ्या वर्षाला असताना नाना वारले. सुट्टीत प्रकाशाला जाऊन नानांच्या बायकोला, काकूंना, भेटलो. त्यांनी चहा दिला, म्हणाल्या, "तुन्हंच नाव लेत व्हतात. मन्हा चेला डॉक्टर व्हई ऱ्हायना, असं सगळास्ले सांगेत." मी चहा पिऊन परत आलो. तिथेही बोललो नाही.

पुढे पासष्टच्या आसपास मी नंदुरबारच्या एका हॉस्पिटलात कॅज्युअल्टी बघायला लागलो. अपघात, साप, विहिरीत पडलेले, भाजलेले असं सगळं आधी माझ्यापुढे यायचं. मला ते काम आवडायचं. हाताला विचार करायला वेळ नसतो, आणि मला तो नकोच होता.

पहिल्याच महिन्यात बैलगाडीखाली सापडलेला एक शेतकरी आला. रक्त पुसताना त्याच्या कपाळावर मला दोन जांभळ्या रेघा दिसल्या. वरची लांब, खालची आखूड. वर आकडा नव्हता, जागा मोकळी. म्हटलं, गोंदण असेल. अर्ध्या तासात तो गेला. महिन्याभराने पुन्हा तसंच. या खेपेला एक म्हातारी होती, पुन्हा दोन रेघा, वर कोरं. तीही गेली. त्यानंतर मी रोग्याचं कपाळ बघायचंच टाळायला लागलो. सिस्टरला म्हणायचो, चेहरा तुम्ही पुसा. भीती म्हणतात ती हीच हे मला कळत होतं, फक्त माझ्या ब्लडप्रेशरच्या मशीनमध्ये ती दिसत नव्हती!

मग सुरमी आली. हिवाळा होता, दुपारचे दोन वाजून पाच मिनिटं. सुरमी डोंगरातली, एकोणीस-वीस वर्षांची, नवऱ्याबरोबर तापीकाठच्या गुऱ्हाळावर मजुरीला आलेली. ऊस घालताना उजवा हात चरकात गेला होता. मनगटाच्या खाली काही उरलं नव्हतं, दंडाला रबरी नळी बांधलेली. बरोबर तिकडच्या दवाखान्यातला ड्रेसर होता, तिशीचा, घामाने निथळलेला.

"नळी कधी बांधली?" मी विचारलं.

"एक वाजता, साहेब."

म्हणजे तासभर झाला होता. मग सैल करून बघायला हरकत नाही. उरलेला हात वाचवायचा तर बघायलाच हवं. सिस्टर ड्रिपची बाटली लावत होती. मी नळीच्या गाठीत बोट घातलं. तेवढ्यात सुरमीने मान वळवली आणि नको नको म्हणत असताना माझी नजर तिच्या कपाळावर गेली.

दोन रेघा होत्या. पण या खेपेला वर जागा मोकळी नव्हती.

'११-१०.' नानांचा लांब शेपटीचा एक, नानांचं कलंडलेलं शून्य. औषध अजून ओलं होतं.

मी बोट काढलं आणि ड्रेसरकडे वळलो. "खरं सांग. अकरा वाजून दहा मिनिटांनी बांधलीस ना?"

"तुमले कसं कयनं, साहेब? वेळ लिखाले भुली गऊ... गाडी भेटे ना. घाबरी गऊ, म्हनीसन एक सांगं."

"मग कपाळावर हे कोणी लिहिलं?"

त्याने माझ्याकडे वेड्यासारखं बघितलं. सिस्टरनेही. "डॉक्टर," ती हळूच म्हणाली, "कपाळावर काही नाहीये."

मी पुन्हा बघितलं. खरंच काही नव्हतं. घाम आणि उसाचा भुसा.

नळीला मी कोणाला हात लावू दिला नाही. सर्जनना घरून बोलावलं, रक्ताची सोय केली. टेबलावरच, सगळी तयारी ठेवून, नळीच्या खालून हात कापून काढला. सर्जन नंतर म्हणाले, "तासाभराचं समजून सोडली असतीस तर इथेच गेली असती." सुरमी हात गमावून, पण चालत घरी गेली. त्या ड्रेसरवर मला ओरडायचं होतं. ते मला जमलं नाही. त्याला शेजारी बसवून चहा पाजला, एवढंच.

संध्याकाळी हात धुताना लक्षात आलं, माझ्या उजव्या हाताची तर्जनी जांभळी झाली होती. पार दुसऱ्या पेरापर्यंत. कॅज्युअल्टीतलं जांभळं औषध आठवड्यापूर्वीच संपलेलं होतं, मी स्वतः मागणी पाठवलेली. साबण लावला, स्पिरिट लावलं. डाग अकरा दिवस राहिला.

मला भास झाला असेल? असेल. मी डॉक्टर आहे, अपराधी मन काय काय दाखवतं ते मला माहीत आहे. बोट कुठेतरी लागलं असेल, हेही धरू. पण आकडा? तो ड्रेसरच्या पोटात होता, माझ्यापर्यंत आला कसा? त्यानंतर पुन्हा कोणाच्या कपाळावर रेघा दिसल्या नाहीत. याचा अर्थ मला आजही लागलेला नाही.

आणि शेवटी सांगतो म्हणालो होतो ती गोष्ट. नाना नाहीत, काकूही गेल्या, त्यांच्या घरचं आता प्रकाशाला कोणी नाही. ज्यांना सांगायला हवं होतं त्यांतलं कोणी उरलं नाही म्हणून तुम्हाला सांगतोय. नानांनी लिहिलेली ती वेळ खोटी होती, पण खोटं त्यांचं नव्हतं. खाल्याची नळी मी बांधली होती. अकरा वाजून दहा मिनिटांनी.